डायलअप रडतखडत चालतंय? मग या चुका टाळा

डायलअप म्हणजे फोनच्या लाईनवरून मोडेमने नेट जोडायचं. मोडेम घेऊन चार दिवस झाले नाहीत तोच "अरे स्पीडच येत नाही" म्हणून लोक माझ्याकडे येतात, आणि दहातले आठ जण याच चुका करून बसलेले असतात.

स्क्रीनवर खाली घड्याळाजवळ स्पीड १,१५,२०० दिसलं म्हणून नाचू नका. तो कॉम्प्युटर ते मोडेम एवढ्याच वायरीचा स्पीड. फोनलाईनवर ५६के (५६ हजारवाल्या) मोडेमला सेकंदाला ४४-४८ हजार मिळाले तरी देवाला नारळ द्या, तेही बिट्स (आठ बिट्सचा एक बाईट), म्हणजे डाऊनलोड सेकंदाला पाचेक केबी. वर पाठवताना तर व्ही.९० (५६केचं एक स्टँडर्ड) मोडेम ३३.६ हजारच्या पुढे जातच नाही, मोठा फोटो मेल करून चरफडू नका.

दुसरी चूक माझी लाडकी: लाईन न तपासता मोडेमला शिव्या. गोव्यात शिवोलीला मावशीकडे २६,४०० च्या वर कनेक्टच होईना. मावसभावाने विंडोज परत टाकली, कुठलंतरी स्पीड वाढवणारं सॉफ्टवेअर घातलं (असली सगळी सॉफ्टवेअरं भंगारात टाका), शेवटी नवा मोडेम आणला, तरी तेच. मी गेलो, रिसीव्हर उचलला, एक आकडा दाबून डायलटोन घालवला आणि नुसतं ऐकलं. भर पावसात कौलांवर आवाज यावा तशी खरखर! मोडेम उचलून बल्कांवात (पुढच्या ओसरीत) नेला, लाईन घरात शिरते तिथल्या डब्यालाच लावला, तर ४६,६६७. मग वायर धरून मागे मागे गेलो तर रांधपाच्या खोलीत (स्वयंपाकघरात) पॅरलल फोनचा जॉईंट, वर नुसती टेप, आत तांबं हिरवंगार. समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, दुसरं काय होणार. ती पॅरलल तोडली, मावशी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

म्हणून आधी कान लावा, मग पाकीट काढा. मेन पॉईंटलाही खरखर असेल तर तक्रार नोंदवा आणि लाईनमनला चहा पाजा.

कॉल वेटिंग बंद ठेवा. डायलअपच्या सेटिंगमध्ये टीसीपी/आयपी (इंटरनेटची भाषाच ती) सोडून बाकी टिकमार्क काढा, स्पीड नाही वाढत पण लॉगिन पटकन होतं. फोनची वीस मीटरची चपटी वायर गुंडाळून कपाटामागे कोंबू नका.

आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागलं की फोनची वायरसुद्धा मोडेममधून काढा, नुसता लाईटचा प्लग नाही. माझे दोन मोडेम असेच जळले, दुसऱ्या वेळी तर मी समोरच बसलो होतो, पण डाऊनलोड ९० टक्के झालेलं ना.