जेसीबी यायच्या आधी: पेठेतला जुना वाडा वाचवायची खटपट कशी करावी

पेठेत एखादा वाडा पाडायला जेसीबी आला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतात, खाली रडके चेहरे उमटतात, कुणीतरी 'संपलं पुणं' असं लिहितं आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. जेसीबी दारात उभा राहिला म्हणजे निकाल लागून बराच काळ झालेला असतो. पाच-सात वर्षांपूर्वी कौल फुटलेलं असतं, तिथून पाणी मुरलेलं असतं, वारसदारांत दावा लागलेला असतो, धोकादायक इमारतीची नोटीस चिकटलेली असते, कुणाशी तरी करार झालेला असतो. काही करण्यासारखं असतं ते या मधल्या वर्षांत.

मी अशा तीन वाड्यांच्या मागे लागलो. दोनदा हरलो, एकदा अर्धामुर्धा जिंकलो. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. वाड्यांबद्दल लिहितोय, पण देऊळ, बाजार, जुनी शाळा, पूल यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

पहिलं काम: वास्तू कुणाची आणि कोणत्या यादीत?

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. लोक तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, ऑनलाइनही मिळते. त्यासाठी सिटी सर्व्हे नंबर लागतो. तो वाड्यातल्या कुणाच्याही मिळकतकराच्या किंवा जागेच्या जुन्या कागदांत सापडतो. पत्रिकेवर एकच नाव आहे की अकरा, देवस्थान आहे की ट्रस्ट, हे पाहा. सार्वजनिक ट्रस्टची जागा असेल तर ती विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तिथे हरकत घेता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मग संरक्षण कुणाचं ते पाहायचं. शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणी, आगाखान पॅलेस ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची स्मारकं. त्यांना १९५८ चा कायदा लागतो आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. राज्याचा वेगळा कायदा आहे, १९६० चा. आणि तिसरी, पेठांच्या दृष्टीने सगळ्यात कामाची, ती महापालिकेची वारसा यादी. तिच्यात वास्तूंना तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळजवळ हात लावता येत नाही. तिसरीत बरीच मोकळीक असते. तुमचा वाडा यादीत असला तर हेरिटेज समितीचं मत घेतल्याशिवाय फाइल पुढे सरकायला नको. नसला तर तो यादीत घ्यावा म्हणून प्रस्ताव देता येतो, पण ते काम वर्षांच्या हिशेबाने चालतं.

विकास आराखड्यात त्या रस्त्याची रस्तारुंदीची रेषा कुठून जाते तेही बघून घ्या. ती वाड्याच्या ओसरीतून जात असेल, तर वाडा पुन्हा बांधायला काढला की दर्शनी भाग गेलाच.

मग मालकाकडे. मोर्चा घेऊन नव्हे, चहाला.

इथे मी पहिल्याच वेळी माती खाल्ली. सदाशिव पेठेतला एक दोन चौकी, म्हणजे आत दोन उघडी अंगणं असलेला, वाडा होता. आम्ही आधी सह्यांची मोहीम काढली, फ्लेक्स लावला आणि नंतर मालकांची आठवण झाली. काका ऐंशीच्या घरातले. दिंडी दरवाजा अर्धा उघडून, मला आत न घेताच म्हणाले, "वाड्यावर एवढं प्रेम आहे ना, मग गेली चाळीस वर्षं छप्पर शाकारायला आला होतात का?" उत्तर नव्हतं. नंतर कळलं, मागच्या सोप्यातल्या (चौकाभोवतीच्या पडवीतल्या) भाडेकरूचं भाडं महिना साठ रुपये होतं आणि एका पावसाळ्यापूर्वीची नुसती कौलं चाळायची मजुरी त्याच्या कैक पट. फ्लेक्सनंतर दोन महिन्यांत त्यांनी विकसकाशी करार केला. आम्हीच त्यांना तिकडे ढकललं असं मला आजही वाटतं.

म्हणून एकटे किंवा दोघे जा, ओळखीच्या कुणाला बरोबर घ्या, आणि पहिल्या भेटीत 'वारसा' हा शब्द काढू नका. कुठे गळतं, ते विचारा. भाडेकरूंनाही वेगळं भेटा. त्यांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती एकदा बाहेर पडलो की परत येता येणार नाही, याची. ही धास्ती खोटी नाही. शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांचा राग १०० मीटरच्या नियमावर आहे, कारण त्यांची मोडकळीला आलेली घरंही त्यामुळे अडली. तो राग ऐकून घ्यायची तयारी नसेल तर या भानगडीत पडू नये.

छप्पर

मालक तयार झाले की पहिला खर्च छपरावर. महिरपीवर नाही, नक्षीवर नाही.

वाडा कुजायला लागतो तो एका ठरावीक जागी. सागवानी तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे. वरचं कौल सरकतं किंवा पन्हळ तुंबते, पाणी भिंतीतून उतरतं आणि त्या टोकाशी साठतं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोकाशी टोचून पाहा. नुसता दाब दिल्यावर दोन बोटं आत गेला आणि तपकिरी भुगा बाहेर आला, तर त्या खणावरचा कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, भरवशाचा राहिलेला नाही. त्याच दिवशी खालून टेकू लावायचा आणि खालच्या माणसांनी तिथे झोपायचं नाही. उपाय मात्र दरवेळी अख्खी तुळई बदलण्याचा नसतो. कुजलेलं टोक कापून नव्या सागाचा जोड देणारे सुतार अजून मिळतात.

दुसरा शत्रू सिमेंट. विटा आणि चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर कुणी हौसेने सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, मग प्लॅस्टर फुगतं, विटेचा चुरा होतो आणि लोक म्हणतात, जुनं बांधकामच कच्चं. दुरुस्ती चुन्यातच करा. महाग पडते, वेळ खाते, पण पुन्हापुन्हा करावी लागत नाही.

धोकादायक इमारतीची नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका आणि फाडून फेकूनही देऊ नका. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली ती येते. वर्ग वाचा: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ आणि सी-२ए यांच्यात वाड्याचा जीव अडकलेला असतो. लाकूड आणि चुन्याच्या कामाची माहिती असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्वतःचा अहवाल घ्या. सिमेंट-काँक्रीटवरच हात बसलेल्या इंजिनिअरला प्रत्येक वाडा सी-१ च दिसतो. पण खरोखर सी-१ असेल तर माणसं आधी बाहेर काढायची. त्यात वाद घालायचा नाही.

नोंद: मोजमाप, फोटो आणि लग्नाचे अल्बम

पुण्यात वास्तुकलेची महाविद्यालयं आहेत आणि मोजमाप घेऊन नकाशे काढणं हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग असतो. प्राध्यापकांना पत्र लिहा, वीस मुलं टेप घेऊन येतील. तोवर तुम्ही फोटो काढा: प्रत्येक खोलीच्या चार भिंती, छत, फरशी, प्रत्येक खांबाची बैठक. फोटोत पट्टी ठेवा आणि तारीख लिहून ठेवा.

जुने फोटो हवे असतील तर आधी घरोघरचे लग्नाचे अल्बम मागा. वाड्यातली लग्नं चौकात व्हायची. वधूवरांच्या मागे तुळशीवृंदावन, वरच्या सज्ज्यात दाटीने उभ्या बायका, महिरपीचा आज नसलेला तुकडा, सगळं त्यात असतं. आम्हाला एका वाड्याच्या पडलेल्या जिन्याचा एकुलता एक पुरावा असाच मिळाला. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले कित्येक वाडे आणि त्यांच्याबरोबर कागदही गेले, त्यामुळे अशा अल्बमांची किंमत जास्त. इतिहासाच्या कागदांसाठी १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि पेशवे दफ्तर पुणे पुरालेखागारात. तिथे मोडी येणारा माणूस बरोबर न्या.

मालक नसलेल्या गोष्टींचीही नोंद ठेवा. पेशवाईत कात्रजहून नळाने आणलेलं पाणी पेठांतल्या हौदांत पडे. त्या नळाचे उच्छ्वास (आतली हवा सुटावी म्हणून बांधलेले मनोरे) अजून कुठे कुठे उभे आहेत, शेजारी कचरा टाकला जातो आणि नवख्याला ते कसलं बांधकाम आहे ते कळतही नाही. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात पेशवेकालीन जलमार्ग सापडला तेव्हा सगळे चकित झाले. त्याचा नकाशा आधीपासून प्रत्येक खोदणाऱ्याच्या टेबलावर असता तर चकित व्हायचं कारण नव्हतं.

अर्ज

तोंडी सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. क्षेत्रीय कार्यालय आणि हेरिटेज विभाग, दोन्हीकडे निवेदन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा गोलमाल आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, एवढीच मुभा आहे. 'का' विचारू नका, प्रत मागा. नमुना असा:

'अमुक पेठ, सि. स. नं. तमुक या मिळकतीबाबत: (१) ती वारसा यादीत असल्यास तिची श्रेणी दर्शविणाऱ्या नोंदीची प्रत, (२) मागील पाच वर्षांत दिलेल्या धोकादायक इमारतीच्या नोटिसा व स्थळपाहणी अहवाल यांच्या प्रती, (३) पाडकाम अथवा बांधकाम परवानगीसाठी आलेल्या प्रस्तावाची व त्यावरील हेरिटेज समितीच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी.'

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं आलं तर खूश व्हा. समितीपुढे न जाताच फाइल पुढे गेली असेल, तर तेच उत्तर पुढे कामाला येतं.

माणसं: मंडळ आधी, फेसबुक नंतर

पेठेत ताकद असते ती गणेश मंडळाची. मांडव, वर्गणी, नगरसेवकाशी ओळख, रात्री दोनला धावून येणारी पोरं, सगळं त्यांच्याकडे तयार असतं. एका मंडळाने आमच्या वाड्याची हलती प्रतिकृती देखाव्यात केली, दहा दिवसांत हजारो लोकांनी ती पाहिली. मालकांचे अमेरिकेतले पुतणे फोटो बघून पहिल्यांदा फोनवर नीट बोलले. आमचा अर्धा विजय तिथूनच सुरू झाला: मागचा चौक गेला, पुढचा राहिला.

१८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो. त्या सुमारास वर्तमानपत्रांना विषय हवाच असतो. रविवारी सकाळी फेरी काढा, पण राहत्या घरात तीस लोक घुसवायचे नसतात हे भान ठेवा. एकदा एका आजींच्या पूजेत कुणीतरी सेल्फी काढला, आणि तो वाडा फेरीसाठी कायमचा बंद झाला.

पैसा आणि कोर्ट

मालकाला वाडा ठेवून काय मिळणार, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. वारसा वास्तूसाठी टीडीआरची, म्हणजे इथे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची, तरतूद आहे. ती प्रत्यक्षात किती मिळते हे आर्किटेक्टकडून आधीच लिहून काढून घ्या, हवेत बोलू नका. पुढच्या सोप्यात अभ्यासिका, कार्यालय, छोटं खानावळवजा हॉटेल असे वापर बसतात. विश्रामबागवाडा, १८०७ सालचा, महापालिकेच्या ताब्यात वापरात राहिला म्हणून उभा तरी राहिला.

कोर्ट शेवटी. जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात जाते, आणि आवक क्रमांक असलेली दोन वर्षांची फाइल नसेल तर वकीलच परत पाठवतो. हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यातच आहे, पण तिथे टेकडी, नदी, झाडं यांचे विषय चालतात, वाड्याचे नाही. आणि कोर्टातल्या वेळेचा हिशेब करा. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्याचं महत्त्व कुणाला पटवून द्यायची गरज नव्हती. तरी भाडेकरूंशी चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये मिटला, आणि तोवर जर्जर झालेली वास्तू डिसेंबरमध्ये पाडावी लागली. स्मारक होणार ते नव्या बांधकामाचं.

वाचलाच नाही वाडा, तर पाडणाऱ्या ठेकेदाराला आदल्या दिवशी भेटा. लाकूड तो वखारीला विकणारच असतो. खांब उतरवताना प्रत्येकावर खडूने नंबर घाला, नाहीतर नंतर कोणता कुठला ते देवालाही जुळवता येत नाही. केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल कोथरूडहून असाच उचलून आणून पुन्हा उभा केलेला आहे. काकांच्या त्या दिंडी दरवाजाची एक फळी आमच्या मंडळाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. दुसरी वखारीत गेली होती, आम्ही पोचलो तेव्हा तिचे पाट झाले होते.