बांधावरच्या झाडाचे लाकूड: पारख, वापर आणि वाळवण

बांधावरच्या झाडाला चहूबाजूंनी ऊन मिळते. त्यामुळे खोड लवकर भरते, पण फांद्याही खालपासून फुटतात आणि पुढे फळीत गाठी दिसतात. साग लावला असेल तर खालच्या फांद्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या असतानाच, त्यांच्या बुडाचा फुगीर भाग राखून छाटाव्यात. भरभर वाढलेला साग कमकुवत असतो हा समज सरसकट खरा नाही. खरी अडचण वयाची असते, कारण कोवळ्या खोडात बाहेरचे पांढरट लाकूड जास्त आणि वाळवीला दाद न देणारा गडद गाभा कमी असतो. म्हणून ओंडक्याच्या टोकाशी गाभा किती रुंद आहे ते पाहूनच दर ठरवावा. पांढरट भाग भिंतीत जाणाऱ्या चौकटीला लावू नये.

फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असल्याने खांब व दारांसाठी चांगला. आंब्याच्या लाकडाला भुंगा आणि वाळवी लवकर लागते, तरी खोकी आणि साध्या फर्निचरला ते चालते. सावंतवाडीच्या खेळण्यांनाही तेच वापरले जाते. औजारांच्या दांड्यांसाठी जड, धक्का सोसणारी बाभूळच घ्यावी. शिवणीची मात्र आपल्याकडे उपेक्षा होते, असे मला वाटते: लाकूड हलके, वाळल्यावर फारसे न वाकणारे, त्यामुळे खणांना आणि दारांच्या चौकटीत बसवायच्या फळ्यांना उत्तम.

तोडीपूर्वी परवानगीची चौकशी करावी. साग, आंबा, फणस ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. कललेले झाड फळ्यांसाठी शक्यतो टाळावे, कारण त्याच्या फळ्या वाळताना पिळवटतात.

लाकूड बिघडते ते बहुधा वाळवताना. टोकांकडून पाणी सर्वांत वेगाने उडते आणि तेथूनच चिरा पडतात, म्हणून ओंडका कापल्याबरोबर टोकांना मेण किंवा जाड रंग लावावा. फळ्या जमिनीपासून हातभर उंच, छपराखाली रचाव्यात. थरांमध्ये सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा ठेवाव्यात, नाहीतर फळी पट्टीपाशी वाकते. वरच्या थरावर वजन ठेवावे. उन्हात कधीही वाळवू नये. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की आकुंचन सुरू होते. घरातल्या फर्निचरसाठी तो १२ टक्क्यांच्या आसपास असावा. मोजण्याचे यंत्र नसेल तर मधल्या थरातली एक फळी दर आठवड्याला तोलावी. दोन-तीन आठवडे वजन स्थिर राहिले की मग सुताराला बोलवावे. पावसाळ्यात मात्र या स्थिर वजनावर भिस्त ठेवू नये.