खुब्याचा सांधा बदलल्यावर: चालत्या-फिरत्या माणसासाठी

रोज पहाटे वडोदऱ्याच्या कमाटीबागेत फेऱ्या मारणाऱ्या माणसाला खुब्याचा सांधा बदलल्यानंतर जी अडचण येते, ती आळसाची नसून घाईची असते. झिजलेला सांधा निघून गेला की वर्षानुवर्षांची जुनी कळ थोड्याच दिवसांत थांबते आणि आपण बरे झालो असे वाटू लागते. प्रत्यक्षात मात्र शस्त्रक्रियेत बाजूला सारलेले स्नायू भरून यायला काही आठवडे आणि त्यांच्यात पूर्वीचे बळ यायला कित्येक महिने लागतात. साठी ओलांडल्यावर मी डावा खुबा बदलून घेतला, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. आपल्या शल्यचिकित्सकांचे सांगणे याहून वेगळे असेल, तर त्यांचेच ऐकावे.

घराची तयारी रुग्णालयात जाण्याआधीच करावी. पायपुसणी आणि सतरंज्या उचलाव्यात, कमोडवर उंची वाढवणारी बैठक बसवावी, आणि हात असलेली एक टणक खुर्ची अशी निवडावी की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या आपल्या जुन्या घरांत खरा धोका झोपाळ्याचा असतो: टेकायला जावे तर तो मागे सरकतो, आणि उठताना कमरेतून पुढे झुकावेच लागते. आमच्या घरी सर्वांचा विरोध पत्करून मी तो कड्यांवरून उतरवून ठेवायला लावला.

शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल, तर साधारण सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी टाळायला सांगतात: खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाय आत वळवणे. याचा रोजच्या भाषेत अर्थ असा, की मांडी घालून पाटावर बसणे नाही, उकिडवे बसणे नाही आणि खाली पडलेला चष्मा स्वतः वाकून उचलणे नाही. कुशीवर झोपण्याची परवानगी मिळाल्यावरही दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवावी. पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेल्यांचे निर्बंध निराळे असतात, म्हणून शेजाऱ्याचे नियम आपल्याला लावू नयेत.

वॉकर घेऊन उभे राहणे बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. पलंगावर असताना घोटे वरखाली हलवत राहावे आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावीत, कारण पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो. पुढे काठी येते, आणि ती घरचे लोक हमखास चुकीच्या हातात देतात. डावा खुबा बदलला असेल तर काठी उजव्या हातात धरावी व डाव्या पायाबरोबर पुढे टाकावी. डाव्या पायावर भार येताच कंबर उजवीकडे झुकू नये म्हणून डाव्या खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. उजवीकडची काठी तो भार बराच हलका करते. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना शस्त्रक्रिया झालेला.

पाचव्या आठवड्यात मी बागेत गेलो. एका छोट्या फेरीची परवानगी असताना ओळखीची मंडळी भेटली आणि गप्पांच्या नादात तीन फेऱ्या झाल्या. चालताना काहीच जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी सुजून जड झाली होती, आणि मी लंगडतच स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलो. तेव्हापासून मी कालचा व्यायाम आजच्या सकाळवरून मोजतो: उठल्यावर सूज आणि दुखणे आदल्या दिवसाइतकेच असेल तर अंतर थोडे वाढवावे, जास्त असेल तर कमी करावे.

फिजिओथेरपिस्टने शिकवलेला, पाय बाजूला उचलण्याचा व्यायाम कंटाळवाणा असला तरी लंगडणे त्यानेच जाते, त्यामुळे तो चालण्याच्या बदल्यात सोडू नये. जागेवरची सायकल उंच सीट ठेवून, आणि पोहणे जखम पूर्ण भरल्यावर, दोन्ही विचारूनच सुरू करावे. स्कूटरची घाई तर मुळीच करू नये, कारण सिग्नलला तिचा तोल पायावरच सावरावा लागतो.

पोटरी सुजून दुखणे, जखमेतून पाणी येणे किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, किंवा खुब्यात कळ येऊन पाय आखूड वाटणे आणि त्यावर उभेच राहता न येणे, यांपैकी काहीही झाले तर तडक रुग्णालय गाठावे.

राहता राहिला गरबा, कारण वडोदऱ्यात नवरात्रात घरी बसणे कठीण. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत नवरात्र आले तर खुर्चीवर बसून टाळ्या द्याव्यात. पुढे डॉक्टरांनी होकार दिल्यावरही बाहेरच्या संथ फेरीत राहावे, खाली वाकण्याच्या चाली सोडून द्याव्यात, आणि वळताना पाऊल जमिनीवर रोवून गिरकी न घेता लहान लहान पावले टाकत वळावे.