पाठीमुळे मेडिकलमध्ये 'अनफिट'? अपिलाच्या ४२ दिवसांत या चुका टाळा

सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या एसएसबीत (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या मुलाखतीत) रेकमेंड झालेला उमेदवार मेडिकलमध्ये पाठीवर अडकला की घरातल्या कुणालाच ते आधी पटत नाही. चष्म्याचा नंबर, वाढलेलं वजन, कानातला मळ यांची धाकधूक असते. पाठ मात्र कधी दुखलेलीच नसते. रोज धावणारा, पुलअप्स काढणारा मुलगा, आणि कागदावर लिहिलेलं असतं 'स्कोलिओसिस' (कणा बाजूला वाकणं) किंवा 'एलएसटीव्ही' (कमरेच्या तळाच्या मणक्याची जन्मजात वेगळी जोडणी). पुढचे आठवडे मग जो जे सांगेल ते करण्यात जातात. त्याच आठवड्यांत अशा चुका होतात, ज्यांमुळे खरोखर वाचू शकली असती अशी निवड हातची जाते. त्या चुकांबद्दल हे लिहितोय.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. मेडिकल बोर्ड तुमची पाठ दुखते का, एवढंच विचारत नाही. नियमात लिहिलेली मर्यादा आणि तुमचा कणा यांचा मेळ बसतो का, हे ते पाहतं. त्यामुळे अपिलात जिद्द, मार्क, एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट यांपैकी काहीच मोजलं जात नाही. ज्या एका निष्कर्षावरून अनफिट ठरवलं, तो निष्कर्ष पुन्हा तपासला जातो. तुमची सगळी धडपड त्या एका निष्कर्षाभोवती असली पाहिजे.

'वेव्हर' शोधत बसणं

इंटरनेटवर 'पाठीचा त्रास आणि सैन्यभरती' असं शोधलं की अमेरिकेची माहिती पुढे येते. तिथे वैद्यकीय निकषात न बसणाऱ्या उमेदवारासाठी भरती करणारं दल 'वेव्हर', म्हणजे सूट, देऊ शकतं. जुने रिपोर्ट, सर्जनचं पत्र, खेळातली कामगिरी असं सगळं त्यासाठी जोडतात. आपल्याकडची मुलं ते वाचून तशीच फाइल तयार करायला लागतात.

भारतात अधिकारी प्रवेशासाठी असा मार्ग नाही. इथे तीन पायऱ्या आहेत: स्पेशल मेडिकल बोर्ड, त्यानंतर अपील मेडिकल बोर्ड आणि शेवटी रिव्ह्यू मेडिकल बोर्ड. तिन्ही ठिकाणी निकष तोच असतो. 'थोडं जास्त आहे, पण चालवून घ्या' म्हणायला जागा नाही. सूट मागणारी फाइल घेऊन गेलात तर वेळही जाईल आणि मूळ मुद्दाही बाजूला राहील.

निष्कर्ष नीट न वाचता दवाखान्याबाहेर पडणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे. अनफिट झाल्यावर बोर्डाचे अध्यक्ष कारण सांगतात आणि पुढची प्रक्रिया समजावतात. मुलगा त्या क्षणी सुन्न असतो. घरी फोन करून सांगतो, 'पाठीत काहीतरी निघालं.' 'काहीतरी' घेऊन कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर तेही 'काहीतरी' उपचार करतील.

तिथेच थांबून शब्दन् शब्द उतरवून घ्या. वक्रता असेल तर किती अंश आणि कोणत्या भागात, छातीमागच्या की कमरेच्या? मणक्याची जोडणी असेल तर कोणता मणका, एका बाजूने की दोन्ही बाजूंनी, पूर्ण की अपूर्ण? टेम्पररी अनफिट की पर्मनंट? अपिलासाठी कोणतं हॉस्पिटल आणि कोणती तारीख? विचारायला संकोच नको. तुम्हाला मार्गदर्शन करणं हे अध्यक्षांच्या कामातच येतं. युपीएससीच्या एनडीए आणि सीडीएस या अधिकारी प्रवेश परीक्षांच्या जाहिरातीच्या परिशिष्टात कण्याचे निकष छापलेले असतात. त्याच संध्याकाळी ते उघडून तुमचा शब्द तिथे कुठे बसतो ते पाहा.

सगळ्या निष्कर्षांवर एकच उपाय

४२ दिवसांच्या आत अपील मेडिकलला हजर व्हायचं असतं. बहुतेक मुलं हे सगळे दिवस योगासनं, लटकण्याचा व्यायाम आणि फिजिओथेरपी यांत घालवतात. त्याचा उपयोग होईल की नाही, हे निष्कर्ष कोणत्या जातीचा आहे यावर ठरतं.

काही गोष्टी खरंच बदलतात. स्नायू आखडल्यामुळे मानेची नैसर्गिक वक्रता एक्स-रेत सरळ दिसू शकते. नियमानुसार ती अडचण ठरते, जेव्हा मानेच्या हालचालीही कमी झालेल्या असतात. सहा आठवड्यांत हालचाल पूर्ववत करणं अनेकांना जमतं. पोट सुटल्यामुळे किंवा मांडीमागचे स्नायू ताठ असल्यामुळे बिघडलेली उभं राहण्याची ढब, कमरेत आलेला तात्पुरता बाक हेही याच गटातले. इथे चांगला फिजिओथेरपिस्ट गाठा आणि एकही दिवस वाया घालवू नका.

काही गोष्टी बदलत नाहीत, पण त्यांचं मोजमाप बदलू शकतं. अपिलाचा सगळ्यात मोठा अर्थ इथे आहे. स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं, 'कॉब अँगल'ने मोजतात. वळणाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका आणि खालच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका निवडून त्यांच्या रेषांमधला कोन काढतात. टोकाचा मणका कोणता धरला यावर आकडा हलतो. एकाच फिल्मवर दोन डॉक्टरांच्या मोजमापात ५ अंशांपर्यंत फरक पडणं नवल नाही. जाहिरातीतल्या निकषानुसार कारण न सापडलेली, कोणताही त्रास न देणारी वक्रता कमरेत १० अंशांपर्यंत आणि छातीमागच्या भागात १५ अंशांपर्यंत चालते. मात्र पूर्ण पुढे वाकल्यावर विकृती राहता कामा नये, खांदे किंवा छाती असमान नसावी आणि हालचालींवर बंधन नसावं, अशा अटी त्याला जोडलेल्या आहेत. कमरेत १२ अंश लिहून आले असतील तर फेरमोजणीला अर्थ आहे. २४ अंश असतील, तर मोजणारा बदलला म्हणून ते १० होणार नाहीत. हे उमेदवाराला वेळेत सांगणारं माणूस जवळ असावं लागतं.

'एलएसटीव्ही'चं प्रकरण याहून नाजूक आहे. कमरेचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीशी जोडला गेला की त्याला सॅक्रलायझेशन म्हणतात. त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा होऊन कमरेच्या मणक्यासारखा झाला तर लंबरायझेशन. ही जन्मजात रचना आहे आणि कित्येकांना ती आयुष्यभर कळतही नाही. तिचे प्रकार १९८४ मध्ये मांडल्या गेलेल्या कॅस्टेलव्ही वर्गीकरणाने ठरवतात. पहिल्या प्रकारात मणक्याचा आडवा भाग नुसता रुंद असतो, दुसऱ्यात तो त्रिकास्थीला टेकून खोटा सांधा बनवतो, तिसऱ्यात हाडाला हाड पूर्ण जुळलेलं असतं आणि चौथ्यात एका बाजूला दुसरा प्रकार, दुसऱ्या बाजूला तिसरा. 'ए' म्हणजे एका बाजूने, 'बी' म्हणजे दोन्ही बाजूंनी. निकषानुसार पहिला प्रकार दोन्ही रूपांत चालतो, तिसऱ्यातला 'बी' चालतो. दुसरा प्रकार, तिसऱ्यातला 'ए' आणि चौथा चालत नाही. दोन्ही बाजूंनी पूर्ण जुळलेला मणका भार सारखा वाटून घेतो. एकाच बाजूने जुळलेला तसं करत नाही.

अडचण अशी की साध्या समोरून काढलेल्या एक्स-रेत दुसरा आणि तिसरा प्रकार वेगळा ओळखणं कठीण जातं. नळी साधारण ३० अंश तिरकी करून काढलेला 'फर्ग्युसन' एक्स-रे किंवा मर्यादित भागाचा सीटी स्कॅन हा प्रश्न सोडवू शकतो. 'टू बी' आणि 'थ्री बी' यांत एका आकड्याचा फरक दिसतो, पण अनफिट आणि फिट यांच्यातलं अंतर तेवढंच असतं. शिवाय असा मणका असला की मोजणीच एका घराने सरकू शकते. मणक्याची मागची कमान न जुळलेली असली, म्हणजे स्पायना बायफिडा असला, तर तो त्रिकास्थीत किंवा पूर्ण सॅक्रलाइझ झालेल्या पाचव्या मणक्यात मान्य आहे, इतरत्र नाही. त्यामुळे मणक्यांना क्रमांक कसा दिला, हा प्रश्न रेडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारा.

तिसरा गट मोजमापाने किंवा व्यायामाने न हलणारा. मणका पुढे सरकलेला असणं म्हणजे स्पॉन्डिलोलिस्थेसिस, मणक्याच्या कमानीतला तडा म्हणजे स्पॉन्डिलोलिसिस (वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट यांच्यात तो जास्त दिसतो), गादी सरकणं, दबलेला मणका, वक्रतेसह आलेला अर्धवट मणका. निदान बरोबर असेल तर अपिलातही तेच निघणार. निदान पक्कं आहे की नाही एवढं स्वतंत्रपणे तपासा आणि त्यावरून निर्णय घ्या.

चुकीचा एक्स-रे, नको तो स्कॅन

मोबाइलवर आलेल्या फोटोवरून सल्ला घेऊ नका. त्यावर कोन मोजता येत नाही. झोपून काढलेल्या एक्स-रेत वक्रता कमी दिसते आणि खोटा धीर मिळतो. एका पायावर भार देऊन उभं राहिलात तर उलट ती वाढते. उभं राहून, अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून, समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढा. स्कोलिओसिस असेल तर संपूर्ण कणा एकाच फिल्ममध्ये यायला हवा. रिपोर्टमध्ये कोन किती आणि तो कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत मोजला, हे लिहून मागा.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. तो गादी आणि नसांबद्दल चांगलं सांगतो. वक्रतेच्या अंशांसाठी एमआरआय काढणं म्हणजे खर्च आणि नवी काळजी, कारण धडधाकट तरुणांच्या एमआरआयमध्येही बारीकसारीक बदल दिसतात. सीटीला किरणांचा डोस साध्या एक्स-रेपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून विशिष्ट प्रश्नासाठी आणि डॉक्टर सांगतील तरच.

'फिट फॉर मिलिटरी सर्व्हिस' असं पत्र

ओळखीच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून असं पत्र आणलं जातं. बोर्ड त्यावर निर्णय देत नाही. स्वतःचे एक्स-रे काढतं आणि स्वतःचे तज्ज्ञ तपासणी करतात. खासगी तज्ज्ञाचा उपयोग वेगळ्या कामासाठी करा. तुमचं अपील कुठे उभं आहे, हे त्यांच्याकडून प्रामाणिकपणे जाणून घ्या. न्यायालयात गेलेल्यांनाही हे कळलं आहे. लष्करी सेवेचे शारीरिक निकष नागरी नोकरीपेक्षा कडक असतात आणि त्याबाबत सैनिकी डॉक्टरांच्या मताला प्राधान्य, ही भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक याचिकांत घेतली आहे.

लपवणं आणि घाईने उपचार

तपासणीआधी जुन्या दुखापती आणि शस्त्रक्रियांबद्दल लिहून द्यावं लागतं. तिथे खोटं लिहू नका. पेनकिलर खाऊन अपिलाला जाणंही त्यातच आलं. वारंवार कंबरदुखीचा इतिहास, मणक्याचं फ्रॅक्चर, सरकलेली गादी किंवा त्यावरची शस्त्रक्रिया ही नाकारण्याची कारणं आहेत, ती उगाच नाहीत. खडकवासल्याच्या एनडीएतल्या तीन वर्षांत ड्रिल, घोडेस्वारी, पाठीवर वजन घेऊन धावणं असतं. लढाऊ विमानातून इजेक्ट होताना कण्यावर क्षणभरात शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. लपवलेला आजार तिथे बाहेर पडला तर नोकरी जाईलच, पण पाठही कायमची जाऊ शकते.

हाडवैद्याकडे जाऊन कणा 'सरळ' करून घेणं, ही गावाकडे अजून होणारी चूक. झटका देऊन स्कोलिओसिस जात नाही. असलेला तडा मात्र वाढू शकतो. आणि फक्त मेडिकल पास व्हावं म्हणून मणक्याचं ऑपरेशन करण्याचा विचार कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. ऑपरेशन झालेला कणा नियमानुसार नाकारलाच जातो.

रिव्ह्यूसाठी एकच दिवस असतो, हे न कळणं

अपीलमध्येही अनफिट ठरलात तर रिव्ह्यू बोर्डाची विनंती एका दिवसाच्या आत द्यावी लागते; ती मंजूर करायची की नाही हे सैन्यदल वैद्यकीय सेवांचे महासंचालक ठरवतात. घरी परतून, विचार करून, वकिलाला विचारून लिहू म्हणालात तर मुदत संपलेली असते. अर्जाचा मसुदा अपिलाला जातानाच सोबत ठेवा: निष्कर्ष काय, त्यावर तुमचा वैद्यकीय आक्षेप काय, आधार म्हणून कोणता रिपोर्ट. दोन बोर्डांच्या निष्कर्षांत फरक असेल, समजा एकाने 'टू बी' आणि दुसऱ्याने 'थ्री ए' लिहिलं असेल, तर तो पहिल्याच ओळीत मांडा. रिव्ह्यू हा हक्क नाही. प्रकरणात तथ्य दिसलं तरच मिळतो. तो दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या आर्मी हॉस्पिटलमध्ये किंवा पुण्याच्या एएफएमसीत (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये) होतो.

सगळं एसएसबीनंतरच पाहणं

छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयमध्ये (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) किंवा एखाद्या खासगी अकादमीत दोन वर्षं घालवण्याआधी एकदा ऑर्थोपेडिक डॉक्टरांना पाठ दाखवा. शर्ट काढून, गुडघे सरळ ठेवून पुढे वाकायला लावतात. पाठीची एक बाजू वर उचललेली दिसली तर पुढची तपासणी करतात. दोन मिनिटांचं काम आहे. मुलींनाही एनडीएचा मार्ग खुला झाल्यापासून हे अधिक महत्त्वाचं झालं आहे, कारण उपचार लागतील इतकी वाढणारी वक्रता वयात येणाऱ्या मुलींमध्ये मुलांपेक्षा बरीच जास्त आढळते.

एका प्रवेशात अनफिट झालात म्हणजे सगळीकडे दार बंद, असंही समजू नका. पुढच्या प्रत्येक प्रवेशाला मेडिकल नव्याने होतं. हवाई दलाच्या उड्डाण शाखेचे कण्याचे निकष ग्राउंड ड्युटीपेक्षा कडक आहेत आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची वैद्यकीय नियमावली वेगळी आहे. तुमच्या कागदावरचा नेमका शब्द घेऊन त्या त्या नियमावलीत शोधा, आणि मगच पुढचा फॉर्म भरा.