नवा स्टिरिओ बसवल्यावर एफएम खरखरतंय? निळी वायर बघा

गाडीतला कंपनीचा स्टिरिओ काढून बाहेरचा बसवला की गाणी झकास वाजतात, पण एफएमची स्टेशनं गायब होतात. दोष बहुतेक वेळा स्टिरिओचा नसतो. छतावर आखूड अँटेना असलेल्या बऱ्याच गाड्यांत अँटेनाच्या बुडाशी सिग्नल वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. नव्या स्टिरिओची निळी वायर त्यासाठीच असते. घाईत फिटर ती टेप लावून तशीच सोडून देतात. ती अँटेनाच्या पॉवर वायरला जोडून घ्या.

काम घरी करणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. त्याआधी, बॅटरी काढल्यावर जुन्या स्टिरिओला पुन्हा चालू व्हायला कोड लागतो का, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहून ठेवा. डॅशची पट्टी प्लास्टिकच्या पट्टीनेच उचकटा. स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतात, क्लिपा तुटतात.

बाहेरच्या स्टिरिओत सहसा पिवळी वायर कायम चालू सप्लायची, लाल चावीवर चालणारी, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल उलट झाली तर गाडी बंद केल्यावर सेटिंग पुसलं जातं. गाडीकडच्या वायरींचे रंग मात्र वेगळे असू शकतात, तिथे मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून खात्री करा. वायरी कापूच नका, आपल्या मॉडेलचा कपलर (गाडीच्या वायरींना स्टिरिओ जोडणारा तयार प्लग) घ्या. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला कधीही टेकवू नका, स्टिरिओचा ॲम्प्लिफायर जळू शकतो.

छतावरचा अँटेना बदलताना खालचं रबर चिरलेलं असेल तर तेही बदला. पावसाळ्यात पाणी तिथूनच आत झिरपतं.