मॉड्यूल सुरू होताना कर्नल कोसळल्यास या चुका टाळा

लिनक्सवर चालणारा संगणक बूट होताना एखाद्या कर्नल मॉड्यूलच्या (प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरसारख्या भागाच्या) इनिट फंक्शनमध्ये, म्हणजे तो भाग सुरू करणाऱ्या कोडमध्ये, कोसळला, की पडद्यावरून मजकुराचा लोंढा वाहतो, शेवटी ‘कर्नल पॅनिक’ असे शब्द दिसतात आणि कीबोर्डही प्रतिसाद देईनासा होतो. पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत किंवा भोसरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्रांना जोडलेल्या संगणकांवर असा प्रसंग आला, की सगळी प्रणाली नव्याने इन्स्टॉल करण्याचा विचार सर्वांत आधी पुढे येतो. हा निर्णय घाईचा आहे. दोष बहुधा एकाच मॉड्यूलपुरता असतो आणि तो कुठे आहे हे कर्नलने कोसळताना सांगितलेलेही असते. नव्याने इन्स्टॉल केल्यावर नेमका तोच पुरावा पुसला जातो आणि तोच ड्रायव्हर पुन्हा बसवला की तीच अडचण पुन्हा उभी राहते.

पडद्यावर उरलेल्या शेवटच्या ओळींवरून निदान करणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. कर्नलमध्ये एक ‘ऊप्स’ घडला, म्हणजे चुकीच्या पत्त्यावरील मेमरी वाचण्यासारखी गंभीर चूक झाली, की त्या वेळी घेतलेली कुलुपे (एकच डेटा एका वेळी एकानेच हाताळावा म्हणून लावलेली) तशीच अडकून राहतात, डेटा अर्धवट बदललेला असतो आणि त्यानंतर ज्या तक्रारी उमटतात त्या बऱ्याचदा पहिल्या आघाताचे परिणाम असतात. म्हणून पहिला ऊप्स शोधावा. त्यासाठी एक खात्रीची खूण आहे: ऊप्सच्या अहवालातील ‘टेंटेड’ या शब्दापुढच्या अक्षरांत डी हे अक्षर असेल, तर त्याआधी एक ऊप्स होऊन गेलेला आहे, तेव्हा अजून वर जावे. त्याच अक्षरांत ओ असेल तर कर्नलच्या मूळ स्रोताबाहेर तयार झालेले मॉड्यूल भरले गेले आहे, आणि पी असेल तर मालकी परवान्याचे. कॉल ट्रेसमध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले या यादीत, फंक्शनच्या नावापुढे चौकटी कंसात मॉड्यूलचे नाव छापलेले असते. संशयिताचे नाव बहुतेक वेळा तिथेच मिळते.

मात्र तो मजकूर दिसला तरच वाचता येतो. लिनक्सच्या अनेक वितरणांत ग्रबच्या, म्हणजे बूटच्या आरंभी कर्नल भरणाऱ्या प्रोग्रामच्या, कर्नल ओळीत ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे पर्याय घातलेले असतात आणि त्यांमुळे बूट होतानाचा बहुतांश मजकूर झाकला जातो. ग्रबच्या यादीत ई ही कळ दाबून ते दोन्ही शब्द काढावेत, त्यांच्या जागी ‘इग्नोर_लॉगलेव्हल’ आणि ‘इनिटकॉल_डीबग’ हे पर्याय लिहावेत आणि कंट्रोल-एक्सने बूट करावे. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकत असल्याने त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. इनिटकॉल_डीबगमुळे प्रत्येक इनिट फंक्शन बोलावताना ‘कॉलिंग’ अशी एक ओळ छापली जाते आणि ते परतल्यावर त्याने काय परत केले व किती मायक्रोसेकंद घेतले याची दुसरी ओळ येते. ज्या फंक्शनची पहिली ओळ आहे पण दुसरी नाही, तिथे शोध सुरू करावा. पुष्कळजण हा एकच पर्याय लिहितात आणि काहीच दिसत नाही म्हणून सोडून देतात. या ओळी डीबग पातळीच्या असल्याने इग्नोर_लॉगलेव्हलसारख्या पर्यायाची जोड मिळाल्याशिवाय त्या पडद्यावर येत नाहीत. काही ड्रायव्हर समांतर सुरू होतात आणि तेव्हा ओळी एकमेकींत मिसळतात, हेही ध्यानात ठेवावे.

मजकूर वर सरकून निघून जात असेल तर मोबाइलवर काढलेल्या चित्रफितीचा थोडाफार उपयोग होतो, पण सिरियल कन्सोलची सर तिला नाही. यंत्राला सिरियल पोर्ट असेल तर कर्नल ओळीत कन्सोल म्हणून पहिला सिरियल पोर्ट आणि 1,15,200 हा वेग द्यावा (वेगाच्या आकड्यात स्वल्पविराम न घालता) आणि दुसऱ्या संगणकावर तो मजकूर फाइलमध्ये साठवावा. त्यासाठी लागणारी यूएसबी-सिरियल केबल पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळते, आणि ज्यांना कारखान्यातील यंत्रे सांभाळायची आहेत त्यांनी ती आधीच घेऊन ठेवावी असे माझे आग्रहाचे मत आहे.

संशयित मॉड्यूल सापडले की ते तात्पुरते रोखायचे असते, आणि इथे जाणकारांचीही फसगत होते. मोडप्रोबच्या (मॉड्यूल भरणाऱ्या आज्ञेच्या) फोल्डरमधील फाइलमध्ये ‘ब्लॅकलिस्ट’ अशी ओळ लिहिली म्हणजे काम झाले असे समजले जाते, परंतु ती ओळ फक्त हार्डवेअर ओळखून आपोआप होणारे लोडिंग थांबवते. दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज असेल किंवा कोणी नाव घेऊन ते मागवले तर ते तरीही भरले जाते. शिवाय बूटच्या आरंभी वापरल्या जाणाऱ्या इनिट्रॅमएफएस या तात्पुरत्या फाइल प्रणालीमध्ये त्या फोल्डरची जुनी प्रत असते. ती उबंटू व डेबियनवर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ आणि फेडोरावर ‘ड्रॅकट’ या आज्ञेने नव्याने बनवली नाही, तर लिहिलेली ओळ त्या टप्प्यावर वाचलीच जात नाही. यंत्र बूटच होत नसेल तेव्हा ग्रबमधूनच ‘मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट’ हा पर्याय द्यावा, कारण तो खुद्द कर्नल पाळतो. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तर यांपैकी काहीच लागू पडत नाही आणि ‘इनिटकॉल_ब्लॅकलिस्ट’ला इनिट फंक्शनचे नाव द्यावे लागते.

हा फरक निदानातही महत्त्वाचा आहे. बांधीव ड्रायव्हरचे इनिट फंक्शन पहिल्याच प्रक्रियेत चालते, त्यामुळे तिथे ऊप्स झाला की पॅनिक अटळ असते. तोच कोड मॉड्यूल म्हणून नंतर भरला गेला तर बहुतेकदा फक्त भरणारी प्रक्रिया मरते आणि यंत्र रखडत पुढे जाते. ते पुढे गेले म्हणून दोष किरकोळ आहे असे मानू नये.

सगळ्याच अडचणी कोसळण्याच्या नसतात. मूळ फाइल प्रणाली माउंट करता (जोडता) येत नाही असे सांगून पॅनिक झाले आणि त्याआधी छापलेली उपलब्ध विभाजनांची यादी रिकामी असेल, तर डिस्कचा ड्रायव्हर सुरूच झालेला नाही. बूट विभाजन भरल्यामुळे इनिट्रॅमएफएस अपुरे बनले आहे का, हे आधी तपासावे. सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेले मॉड्यूल नाकारले जाते, आणि व्हर्जन मॅजिक (मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बांधले याची खूण) जुळत नसेल तरही. अशा मॉड्यूलला जबरदस्तीने भरणे म्हणजे साध्या नकाराचे रूपांतर खऱ्या ऊप्समध्ये करणे होय. कर्नल अद्ययावत झाल्यानंतर त्याचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) बसवून डीकेएमएस या पुनर्बांधणीच्या साधनाकडून मॉड्यूल पुन्हा बांधून घ्यावे, आणि ते होईपर्यंत ग्रबमधून जुना कर्नल निवडावा. जागा वाचवण्यासाठी जुना कर्नल काढून टाकण्याची सवय मात्र सोडावी.

मॉड्यूल लिहिणाऱ्यांच्या चुकांत मला सर्वाधिक खटकते ती क्रमाची चूक. इंटरप्टची (हार्डवेअरकडून येणाऱ्या संकेताची) नोंदणी आधी आणि तो हाताळताना लागणारे कुलूप व बफर (डेटा तात्पुरता ठेवण्याची जागा) नंतर, असा कोड अनेक यंत्रांवर निमूट चालतो. पण अनेक उपकरणांत सामायिक असलेला इंटरप्ट नोंदणीनंतर लगेच येऊ शकतो आणि तेव्हा तयार नसलेल्या रचनेला हात लागतो. तितकीच घातक चूक परतीच्या वाटेवर होते: तिसरी पायरी फसली तर पहिल्या दोन उलट क्रमाने मोकळ्या करून ऋण त्रुटी-क्रमांक परत करायचा असतो, आणि ते राहिले की नोंदणी शिल्लक राहून कोड मात्र मेमरीतून निघून जातो. ‘इनिट’ (फक्त सुरुवातीपुरते) अशी खूण केलेले फंक्शन बूटनंतर बोलावले तरी असेच होते, कारण ती मेमरी सोडून दिलेली असते. बांधणीच्या वेळी येणारी ‘सेक्शन मिसमॅच’ ही सूचना याचसाठी असते आणि ती दुर्लक्षू नये.

बाहेरून आलेल्या डेटावरचा विश्वासही तपासावा लागतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अद्ययावत फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. ती फाइल वाचणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरला 20 मूल्ये मिळत होती, तो एकविसावे वाचायला गेला, आणि बूटच्या वेळीच सुरू होत असल्याने अनेक यंत्रे पुन्हा पुन्हा तिथेच पडत राहिली. सीमा तपासणारी एक अट तिथे हवी होती.