वार्षिक फोरबॉल मॅचप्ले स्पर्धा : समितीच्या तयारीची यादी

गोल्फ क्लबच्या वार्षिक फोरबॉल मॅचप्ले स्पर्धेची (जोडी विरुद्ध जोडी, चौघेही आपापला चेंडू खेळतात, जोडीतला चांगला स्कोअर धरतात आणि सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतचा एकेक टप्पा, म्हणजे होल, जिंकत सामना पुढे जातो) तयारी मैदानापासून सुरू करण्याचा मोह प्रत्येक नव्या समितीला होतो, परंतु या स्पर्धेतले बहुतेक वाद गवतावरून नव्हे तर कागदावरून होतात, म्हणून यादीत पहिले काम स्पर्धेची नियमपत्रिका लिहून ती सूचनाफलकावर लावण्याचे असावे आणि ती लागल्याशिवाय एकाही जोडीचा प्रवेश अर्ज घेऊ नये. एकूण फटके (स्ट्रोक) मोजून निकाल लावणारी स्ट्रोकप्ले स्पर्धा एक-दोन दिवसांत आटोपते आणि सारे खेळाडू समितीच्या डोळ्यांसमोर असतात. मॅचप्ले बाद फेरीची स्पर्धा मात्र दोन-अडीच महिने चालते, सामने खेळाडू आपापल्या सोयीने लावतात आणि त्या वेळी समितीचे कोणी मैदानावर असेलच असे नसते. जे लिहिलेले नसेल ते चार खेळाडू पहाटेच्या थंडीत पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवर, उभे राहून ठरवतील, आणि त्यातून निघालेली तक्रार संध्याकाळी सचिवांच्या घरी पोहोचेल.

स्पर्धेचा काळ ठरवताना कोल्हापूरचे पंचांग आणि पाऊस दोन्ही समोर ठेवावेत. जून ते सप्टेंबर हा काळ सोडूनच द्यावा. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर पावसाळ्यात सामने लावण्याचा आग्रह कोणी धरेल असे वाटत नाही. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी आणि पाठोपाठ दिवाळी असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग चढतात आणि विजांच्या कडकडाटात हातात लोखंडी काठी घेऊन उघड्या माळावर उभे राहणे कोणाच्याच हिताचे नाही. उरतो तो तुळशीच्या लग्नापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, ज्यात हवा उत्तम असते, पण लग्नसराईही असते आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगामही असतो. ग्रामीण भागातून येणाऱ्या सभासदांना उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकून उशीर होतो, तेव्हा पहिली टी वेळ ठरवताना त्यांचा विचार जरूर करावा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नदीकाठच्या सखल भागात धुके रेंगाळते. अठरा होलच्या फोरबॉल सामन्याला सव्वाचार ते साडेचार तास धरले आणि बरोबरी झाल्यास लागणाऱ्या जादा होलांसाठी अर्धा तास राखला, तर दुपारी एकनंतर सामना सुरू करू देणे धोक्याचे ठरते.

प्रत्येक फेरीला अखेरची तारीख असावी आणि ती उलटल्यावर काय होईल हेही त्याच ओळीत लिहावे, कारण या स्पर्धेला सर्वांत जास्त रखडवणारी गोष्ट म्हणजे न खेळलेला सामना. दोन्ही जोड्यांना वेळ जुळवता आली नाही तर कोणाला पुढे सोडायचे, या प्रश्नाचे सर्वांना रुचेल असे उत्तर नाही. माझ्या मते उत्तम पद्धत अशी की ड्रॉमध्ये ज्या जोडीचे नाव वर असेल तिने ठरावीक मुदतीत किमान तीन वेगवेगळे दिवस लेखी सुचवावेत, त्यांतला एक शनिवार किंवा रविवार असावा, आणि समोरच्या जोडीने तिन्ही नाकारले तर सामना सुचवणाऱ्या जोडीला द्यावा. वरच्या जोडीने दिवसच सुचवले नाहीत तर खालच्या जोडीला द्यावा. दोघांनीही कळवले नाही तर चिठ्ठी टाकावी. मुदतवाढ द्यायची असेल तर ती पावसामुळे किंवा मैदान बंद असल्यामुळे सर्वांना सारखी द्यावी, एखाद्या सभासदाच्या परदेश दौऱ्यासाठी देऊ नये. फोरबॉलमध्ये एका भागीदाराच्या अनुपस्थितीत दुसऱ्याला एकट्याने बाजू लढवता येते, हे पत्रिकेत ठळक अक्षरांत छापले तर निम्म्या विनंत्या मुळातच येणार नाहीत. उशिरा आलेल्या भागीदाराला दोन होलांच्या मधल्या वेळेतच सामील होता येते. चालू होल कोणीही सुरू केला असेल तर त्या होलवर त्याचा स्कोअर धरला जात नाही.

ड्रॉची आकडेमोड आधी करून ठेवावी. समजा बावीस जोड्या आल्या, तर दोन, चार, आठ, सोळा अशी दुप्पट होत जाणारी बाद फेरीची पुढची संख्या बत्तीस, म्हणून दहा जोड्यांना पहिल्या फेरीत बाय (न खेळता पुढची फेरी) मिळेल, उरलेल्या बारा जोड्यांचे सहा सामने होतील आणि दुसऱ्या फेरीपासून सोळा जोड्यांचा तक्ता नीट बसेल. सर्व बाय पहिल्याच फेरीत संपवावेत. एकूण सामने नेहमी जोड्यांच्या संख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे येथे एकवीस, आणि टी वेळांचे नियोजन या आकड्यावरून करता येते. खासबाग मैदानात जोड लावताना जाणकार दोन्ही मल्लांची तोलामोलाची तयारी पाहतात, परंतु हँडिकॅपच्या (कमी तयारीच्या खेळाडूला मिळणाऱ्या स्ट्रोकांच्या सवलतीच्या) स्पर्धेत ते काम हँडिकॅपच करतो, त्यामुळे चिठ्ठ्या सर्वांसमोर उचलाव्यात आणि फार तर गतवर्षीच्या विजेत्या व उपविजेत्या जोड्या तक्त्याच्या दोन टोकांना ठेवाव्यात. अध्यक्षांचे नाव कोठे आले यावर क्लबमध्ये महिनाभर चर्चा होते, म्हणून चिठ्ठी त्यांनी स्वतः उचलू नये.

यानंतरचे काम हँडिकॅपचे, आणि येथे समितीने सर्वाधिक वेळ द्यावा. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीनुसार खेळाडूच्या हँडिकॅप इंडेक्सला (त्याच्या खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याला) ज्या टीवरून खेळायचे तिच्या स्लोप रेटिंगने (निष्णात खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला मैदान किती अवघड जाते त्या आकड्याने) गुणून 113 ने, म्हणजे प्रमाण स्लोप रेटिंगने, भागतात आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) व पार (मैदानाचे ठरलेले फटके) यांतला फरक मिळवून कोर्स हँडिकॅप काढतात. फोरबॉल मॅचप्लेसाठी त्याच्या 90 टक्के घ्यावे अशी शिफारस आहे. 85 टक्के हे प्रमाण फोरबॉल स्ट्रोकप्लेचे असून दोहोंची गल्लत वरचेवर होते. चौघांपैकी ज्याचा आकडा सर्वांत कमी तो शून्यावरून खेळतो आणि बाकीच्या तिघांना त्याच्याशी असलेल्या फरकाइतके स्ट्रोक मिळतात. उदाहरण म्हणून चौघांचे कोर्स हँडिकॅप 8, 15, 12 आणि 20 धरू. नव्वद टक्क्यांनी ते 7.2, 13.5, 10.8 आणि 18 होतात, पूर्णांकात 7, 14, 11 आणि 18, आणि सात वजा केल्यावर अनुक्रमे 0, 7, 4 आणि 11 स्ट्रोक उरतात. म्हणजे अकरा स्ट्रोक मिळणाऱ्या खेळाडूला स्ट्रोक इंडेक्स (स्ट्रोक कोणत्या क्रमाने द्यायचे ते सांगणारा प्रत्येक होलचा क्रमांक) 1 ते 11 च्या होलांवर प्रत्येकी एक स्ट्रोक मिळेल. सर्वांत कमी हँडिकॅपचा खेळाडूच गैरहजर असला तरी स्ट्रोक चौघे हजर असल्याप्रमाणे मोजायचे, हे लिहून ठेवावे. नाहीतर चांगला खेळाडू घरी राहिल्याचा लाभ कोणाला यावरून वाद रंगतो.

हँडिकॅप इंडेक्स कोणत्या दिवसाचा धरायचा, सामन्याच्या सकाळचा की प्रवेश बंद झाल्याच्या दिवसाचा, हेही पत्रिकेने सांगितले पाहिजे. स्पर्धा दोन महिने चालणार असेल तर सामन्याच्या दिवसाचा धरणे न्याय्य, कारण दरम्यान खेळ सुधारलेल्या किंवा बिघडलेल्या खेळाडूचे खरे चित्र त्यातच दिसते. प्रत्येक सामन्यापूर्वी कार्यालयाने चौघांचे आकडे आणि स्ट्रोक पडणाऱ्या होलांवरचे ठिपके छापलेले एकच कार्ड द्यावे. एखाद्या होलवर स्ट्रोक द्यायचा विसरला आणि पुढच्या होलवर कोणी चेंडू मारला, तर आधीचा मान्य झालेला निकाल बदलत नाही. चुकीचा, वाढीव हँडिकॅप सांगितल्यास आणि त्याने स्ट्रोकांची संख्या बदलल्यास प्रकरण अपात्रतेपर्यंत जाऊ शकते. छापील कार्डाने हे दोन्ही प्रसंग टळतात.

स्ट्रोक इंडेक्सचा तक्ता वर्षानुवर्षे तसाच चालत आलेला असतो आणि मॅचप्लेसाठी तो एकदा तपासावा. विषम अंक एका नऊ होलांमध्ये आणि सम अंक दुसऱ्या नऊ होलांमध्ये असावेत; नऊ होलचे मैदान दोनदा खेळणाऱ्या क्लबने पहिल्या फेऱ्याला विषम आणि दुसऱ्याला सम अंक दिले की झाले. इंडेक्स 1 अठराव्या होलवर असेल तर बरेच सामने तेथे पोहोचण्यापूर्वीच संपतात आणि स्ट्रोक वाया जातो. पहिल्या होलवर असेल तर बरोबरीनंतर जादा होल तेथूनच सुरू होताना एका बाजूला आयताच स्ट्रोक मिळतो. म्हणून तो मधल्या होलांवर ठेवावा.

खेळाडूंसाठी एक पानी माहितीपत्रक काढायचे असेल तर त्यात नियमपुस्तिका उतरवून काढू नये, फक्त फोरबॉलमध्ये हमखास अडणारे मुद्दे घ्यावेत. एका बाजूचे दोघे आपल्याला सोयीच्या क्रमाने खेळू शकतात, म्हणजे भोकाजवळच्या भागीदाराने आधी पट (चेंडू भोकाकडे घरंगळवणारा फटका) केला तरी चालते. समोरच्याने पट दिला, म्हणजे न मारताच तो भोकात गेला असे मान्य केले, की तो मागे घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही. दिलेला पट तरीही मारला आणि त्यातून भागीदाराला रेषा समजण्यासारखा फायदा झाला, तर त्या होलवर भागीदाराचा स्कोअर धरत नाहीत. पटरच्या मुठीइतक्या अंतरातले सगळे पट दिले असे समजू, असा करार सामना सुरू होण्यापूर्वी करणे ही आपल्याकडची लाडकी सवय नियमांना मान्य नाही आणि जाणूनबुजून तसे ठरवल्यास त्याचा परिणाम अपात्रता आहे. प्रत्येक पट त्या त्या वेळी, स्पष्ट शब्दांत द्यावा. चेंडू शोधायला तीन मिनिटे मिळतात, पाच नव्हे, ही गोष्ट 2019 पासून लागू असूनही जुन्या सभासदांच्या गळी अजून उतरलेली नाही. पिशवीतल्या चौदापेक्षा जास्त काठ्यांचा दंड मॅचप्लेमध्ये जिंकलेल्या होलांतून वजा होतो, जास्तीत जास्त दोन होल, आणि तो दोन्ही भागीदारांच्या बाजूला मिळून बसतो.

मैदानाच्या बाबतीत समितीने महिनाभर आधी ग्राउंड्समनसह सर्व अठरा होल पायी फिरून खुणांची नोंद घ्यावी. हद्दीबाहेरच्या पांढऱ्या खुंट्या पावसाळ्यात वाहून गेलेल्या किंवा गुरांनी पाडलेल्या असतात. पाण्यासारखी दंडाची जागा दाखवणाऱ्या लाल आणि पिवळ्या खुंट्यांना नवा रंग द्यावा. आपल्याकडची काळी माती पाऊस संपला की भेगाळते. अशा पट्ट्यांना चुन्याची रेघ मारून दुरुस्तीखालील जागा जाहीर करावी, म्हणजे पेनल्टीशिवाय चेंडू हलवता येईल. फेअरवेवर (टी आणि भोकाभोवतीचे ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू उचलून पुसून ठेवण्याची सवलत द्यायची असेल तर अंतर किती, सहा इंच की एका काठीइतके, हे स्थानिक नियमात लिहावे. मैदानावरून विजेच्या तारा जात असतील तर तारेला लागलेला फटका रद्द करून पुन्हा मारण्याचा आदर्श स्थानिक नियम उपलब्ध आहे, तो तसाच उचलावा. म्हशींचा कळप कुंपणातून येतोच. नियमांत जनावरांची विष्ठा सुट्या अडथळ्यांत मोडते, त्यामुळे शेण बाजूला करून खेळता येते, मात्र ते बाजूला करताना चेंडू हलला तर तो पुन्हा जागेवर ठेवावा लागतो आणि ग्रीन व टीचा भाग सोडून अन्यत्र एक स्ट्रोक पेनल्टी बसते, हे कॅडीला (काठ्यांची पिशवी वाहणाऱ्याला) आधीच सांगून ठेवावे.

उपांत्य आणि अंतिम फेरीच्या सकाळी 108 मिलिमीटर व्यासाची नवी भोके पाडावीत, बंकरमधली (वाळूच्या खड्ड्यांमधली) वाळू सपाट करावी आणि प्रत्येक सामन्याबरोबर नियम जाणणारी एक व्यक्ती चालवावी. वीज चमकली तर एक लांब भोंगा म्हणजे खेळ तात्काळ थांबवायचा, तीन भोंगे म्हणजे नेहमीची स्थगिती आणि दोन छोटे भोंगे म्हणजे पुन्हा सुरुवात, हे संकेत कार्डाच्या मागे छापावेत. भोंगा वाजतो की नाही हे आदल्या दिवशी वाजवून पाहावे.

कॅडींची हजेरी कॅडीमास्तरकडून आठवडाभर आधी घ्यावी. चौघांना चार कॅडी आणि आंधळ्या वळणांवर दोन आगेवाले (पुढे उभे राहून चेंडू कोठे पडतो ते पाहणारे) एवढी गरज धरावी, त्यांच्या दराचा फलक लावावा आणि पहाटेच्या सामन्यांसाठी त्यांना चहा-नाश्ता क्लबकडून असावा. बक्षिसांबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. हुपरीच्या कारागिरांकडे चषकांची मागणी दिवाळीच्या आत नोंदवावी, कारण नंतर लग्नाच्या मागण्यांमध्ये ती मागे पडते, आणि दोन्ही भागीदारांसाठी सारखाच चषक असावा. एकच मोठा करंडक दोन घरांत सहा-सहा महिने फिरवण्याची प्रथा कटकटीची आहे. फलकावरच्या नावांचे मराठी लेखन त्या त्या सभासदाकडून लेखी घ्यावे. अंतिम दिवसाच्या जेवणाला तांबडा-पांढरा रस्सा राहीलच, परंतु तो दिवस एकादशी किंवा संकष्टीला येत असेल तर आचाऱ्याला उपवासाच्या पानांची संख्या आधी कळवावी.

प्रत्येक सामन्याचा निकाल विजेत्या जोडीने त्याच संध्याकाळी कार्यालयाच्या वहीत सही करून नोंदवावा, पराभूत बाजूची सही शेजारी घ्यावी आणि तक्ता दुसऱ्या सकाळपर्यंत पुढे सरकवावा. अंतिम सामन्यानंतर कॅडींचे आणि आगेवाल्यांचे पैसे बक्षीस समारंभापूर्वी रोख मोजून द्यावेत. समारंभ लांबला की त्यांच्या शेवटच्या एसटीची वेळ टळते.